पंचांगातला 'शु.' नेमका कोण? आजोबांच्या वहीतली एक ओळ

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. एका ओळीपाशी अडकलोय, सोडवायला मदत हवी आहे.

आमच्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन येत्या चैत्रात करायचं ठरलंय. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख १ जून १९४५ आहे. आता १ जून म्हटलं की आपल्याकडे काय समजायचं ते सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली तारीख. खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नाही, आत्यालाही नाही.

परवा जुन्या लोखंडी पेटीत आजोबांची एक लांबट वही सापडली. आजोबा जिंतूरजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. वहीत किराण्याचे हिशोब, कुणाला किती पायली ज्वारी दिली, आणि मधेच एका पानावर ही ओळ:

शके १८६– अ. श्रा. व. १४ शु. घ. ९ प. ३० पु. शु. अ. कन्या.

सालाचा शेवटचा आकडा कसरीनं खाल्लाय. बाकी अक्षर स्वच्छ आहे, काळी शाई, टाक असावा. 'कन्या' म्हणजे रास की मुलगी इथपासून माझी सुरुवात आहे. आणि 'शु.' दोनदा का? शुद्ध आणि शुक्रवार? पण मग 'व.' कशाला? ज्यांना पंचांग वाचता येतं त्यांनी कृपया अक्षर न् अक्षर सांगावं.

माधुरी_सदाशिव
व. म्हणजे वद्य. त्यामुळे शुद्ध बाद. पहिला शु. शुक्रवारच. दुसऱ्याचं जाणकार सांगतील. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

ओंकार७७
मला वाटतं 'व.' वद्य नसून वक्री असावा. ग्रहांच्या कोष्टकात व. म्हणजे वक्री (उलटा चालताना दिसणारा), मा. म्हणजे मार्गी (सरळ चालणारा) असतं. 'व. शु.' म्हणजे वक्री शुक्र, मधला १४ हा अंश असेल.

घटिकापात्र
ओंकार, कोष्टकात ते बरोबर आहे, पण ही कोष्टकातली ओळ नाही. आमचे वडील भिक्षुकी करायचे. ते सांगायचे की पंचांगातलं संक्षिप्त अक्षर एकटं वाचायचं नसतं, ते कुठल्या घरात बसलंय ते बघायचं. घरं ठरलेली आहेत: आधी शक, मग महिना, पक्ष, तिथी, वार, मग नक्षत्र, योग, करण. तिथीपासूनच्या या पाच अंगांचा क्रम शतकानुशतकं तोच आहे.

त्या क्रमानं ओळ वाचा. अ. श्रा. हा महिना, व. हा पक्ष, १४ ही तिथी, शु. हा वार. घ. ९ प. ३० म्हणजे सूर्योदयापासून नऊ घटी तीस पळं, ही जन्मवेळ. पु. हे नक्षत्र, पुनर्वसू किंवा पुष्य. नक्षत्राच्या पुढचं घर योगाचं. सत्तावीस योगांत तेविसावा शुभ आणि चोविसावा शुक्ल, दोन्ही शु. च. तेव्हा दुसरा शु. हा योग असणार असं माझं मत. 'अ.' मात्र मला लागत नाही. आणि कन्या म्हणजे मुलगीच, कारण पु. नक्षत्राला चंद्र कन्या राशीत असूच शकत नाही.

सोलापुरी_चादर
एका 'शु.' त शुद्ध, शुक्रवार, शुक्र, शुभ, शुक्ल. पाच जण एकाच खोलीत राहतात आणि पाटी एकच!

निळाई
आमच्याकडे 'श.' ची तीच गत. शके, शनिवार, शनी आणि शततारका. लहानपणी 'श. श. श.' असं काहीतरी बघून मी कॅलेंडर रागावलंय असं समजायचे.

गोदाकाठ
घटिकापात्र, मनापासून आभार. हे घराचं कुणी सांगितलंच नव्हतं. आता 'अ. श्रा.' बद्दल. आमच्या घरी कुणी म्हणतंय आषाढ-श्रावणाचा संधी, कुणी म्हणतंय अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा श्रावण.

खगोलवेडा
अधिक श्रावण. महिन्याच्या आधी 'अ.' आला की अधिक, 'नि.' आला की निज, म्हणजे अधिकानंतर येणारा नेहमीचा महिना. आणि हाच तुमच्या कोड्याचा सगळ्यात मोठा धागा आहे, कारण अधिक श्रावण दरवर्षी येत नाही.

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सूर्यानं रास बदललीच नाही, एकही संक्रांत त्या महिन्यात पडली नाही, की तो महिना अधिक. शके १८६० ते १८६९ म्हणजे साधारण इसवी सन १९३८ ते १९४७. या दहा वर्षांत श्रावण दोनदाच अधिक आला: शके १८६१ म्हणजे १९३९ आणि शके १८६९ म्हणजे १९४७. म्हणजे कसरीनं खाल्लेला आकडा १ तरी आहे नाहीतर ९. शाळेचं १९४५ साल दोन्हीकडून चुकलं.

घटिकापात्र यांच्या योगाबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणायचंय. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

कोकणकडा
आजोबा टिळक पंचांग पाळणारे नव्हते ना? आमच्या रत्नागिरीत काही घरी ते चालतं आणि त्यात अधिक महिना कधी कधी वेगळा येतो. मग दिवाळीसुद्धा शेजाऱ्यांच्या आधी होते.

गोदाकाठ
नाही, घरी सोलापूरचं दाते पंचांगच असायचं असं बाबा सांगतात.

पण खगोलवेडा यांनी दोन सालं दिली आणि आमच्या घरात एकदम शांतता पसरली. एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. आजीला आत्याच्या आधी एक मुलगी झाली होती. वर्षाच्या आतच गेली. तिचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही, आजी कधी बोलली नाही. बाबांच्या अंदाजानं ती ३८-४० च्या सुमाराची असावी. म्हणजे १९३९ असेल तर ही ओळ त्या बाळाची आहे. १९४७ असेल तर आत्याची.

आता ही ओळ कुणाची हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

माधुरी_सदाशिव
अरे बापरे. अंगावर काटा आला.

मोडीवाचक
जरा विषयाला सोडून, पण फार सोडून नाही. संक्षेपांची ही सवय फार जुनी आहे. शिलालेखांत 'शु दि' आणि 'ब दि' असं कोरलेलं असतं. शुद्ध किंवा शुक्ल पक्षातला दिन आणि बहुल पक्षातला दिन. दगडावर प्रत्येक अक्षराला मेहनत, म्हणून आद्याक्षरं. पुढे लोक ती अक्षरं जशीच्या तशी बोलू लागले आणि शु दि चं 'सुदी', ब दि चं 'बदी' किंवा 'वदी' झालं. उत्तरेत आजही चैत सुदी, भादो बदी म्हणतात. आपलं 'वद्य' हेसुद्धा या वदीवरूनच आलं असं जाणकार मांडतात. म्हणजे आधी शब्दाचा संक्षेप झाला, मग संक्षेपाचा शब्द झाला, आणि आता आपण त्या शब्दाचा पुन्हा 'व.' असा संक्षेप करतो!

पेशवाईतल्या कागदांत तारखेला 'छ १० रबिलावल' असं येतं. तो छ म्हणजे चंद्र. हिजरी महिन्याची तारीख चंद्रदर्शनापासून मोजायची, म्हणून आकड्याच्या आधी चंद्र. नवीन माणूस तो छ बघून छत्रपती समजतो, मीही समजलो होतो.

आणि घटिकापात्रांचा घरांचा नियम किती पक्का आहे त्याचा एक दाखला. जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची सालवार टिपणं, त्यातली शिवराज्याभिषेकाची नोंद बघा. शके १५९६, जेष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, घटी २१ पळे ३४, मग 'वि' आणि आकडे, मग 'सि' आणि आकडा, आणि तीन घटी रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बैसले. वि म्हणजे विशाखा, नक्षत्राचं घर. सि म्हणजे सिद्ध योग, योगाचं घर. एका अक्षराच्या वर लिहायची गरज त्या लेखकाला वाटली नाही, कारण वाचणाऱ्याला घर माहीत होतं.

सह्याद्रीपुत्र
पण राज्याभिषेक त्रयोदशीचा ना? आणि शनिवार, ६ जून १६७४?

मोडीवाचक
दोन्ही खरं आहे. द्वादशी त्या दिवशी २१ घटी ३४ पळांपर्यंतच होती, म्हणजे दुपारीच संपली आणि त्रयोदशी लागली. सोहळा सूर्योदयाच्या आधी झाला तेव्हा त्रयोदशीच चालू होती. पण आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे तीन घटी रात्र उरली असताना शुक्रवारच. इंग्रजी मोजणीत मध्यरात्रीच शनिवार लागलेला. क्षण एकच.

खगोलवेडा
हो, म्हणूनच गोदाकाठ यांच्या ओळीतली घटी महत्त्वाची. नऊ घटी तीस पळं. घटी म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा हे झाले २२८ मिनिटं, तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. श्रावणात तिकडे सूर्योदय सहाच्या जरा पुढे. म्हणजे बाळ सकाळी दहाच्या आसपास जन्मलं. दिवसाउजेडी जन्म असल्यामुळे वाराचा घोळ होणार नाही, आपला वार आणि इंग्रजी वार एकच.

आता दुसऱ्या शु. कडे. घटिकापात्र, तुमचा क्रम शंभर टक्के मान्य, पण आकाश तिथे शुभ किंवा शुक्ल योग बसू देत नाही.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचा हिशोब, बारा अंशांना एक तिथी. ती वजाबाकी. योग ही बेरीज. सूर्याचे भोगांश (राशिचक्रावरची जागा, अंशांत) अधिक चंद्राचे भोगांश, भागिले १३ अंश २० कला. आता श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी सूर्य कुठे असतो? अधिक श्रावण असेल तर कर्क राशीच्या अगदी शेवटाला, म्हणजे सुमारे ११८ अंशांवर. चंद्र पुष्यात धरला तर ९३ ते १०७ अंशांच्या मध्ये. बेरीज सव्वादोनशेच्या आतबाहेर. म्हणजे सोळावा किंवा सतरावा योग, सिद्धी किंवा व्यतीपात. शुभ योगाला बेरीज २९३ च्या पुढे लागते. पुनर्वसू धरलं तर बेरीज आणखी कमी होते. दोन्ही सालांत सूर्यचंद्र जवळपास त्याच जागी आहेत, त्यामुळे उत्तर बदलत नाही.

तेव्हा दुसरा शु. हा ग्रह आहे, आणि त्याच्या पुढचा अ. म्हणजे अस्त. शुक्र अस्त, सूर्याच्या जवळ असल्यानं न दिसणारा. एकाच ओळीत दोन शु. वेगळे आणि दोन अ. सुद्धा वेगळे.

घटिकापात्र
मान्य. बेरीज करून बघायला हवी होती. वडील असते तर कान धरला असता माझा. मास्तरांनी योग लिहिलाच नाही म्हणायचा.

आजीची_गोधडी
व्यतीपात असेल तर लेकीच्या नावापुढे कशाला लिहितील हो! आमच्या आजोळी खोड्याळ पोराला 'काय व्यतीपात कार्टं आहे' म्हणायचे. गोदाकाठ, आत्या लहानपणी कशी होती ते विचारा एकदा.

गोदाकाठ
@आजीची_गोधडी, बाबांनी हे वाचलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, चिंचेवरून पाडून माझा हात मोडला तो तिनंच.

ओंकार७७
वक्रीचा मुद्दा सोडून देतो. पण मग शुक्र अस्त कुठल्या साली होता ते बघितलं की झालं की! एक साल आपोआप गळेल.

खगोलवेडा
मलाही आधी तसंच वाटलं होतं, म्हणून पडताळून पाहिलं. आणि शुक्रानं दगा दिला.

शुक्राचा एक गमतीशीर ठेका आहे. सूर्य, पृथ्वी आणि शुक्र यांची एक विशिष्ट मांडणी सुमारे ५८४ दिवसांनी पुन्हा येते. अशी पाच चक्रं झाली की दोनेक दिवसांच्या फरकानं बरोबर आठ वर्षं होतात. म्हणजे आज शुक्र आकाशात जसा दिसतोय तसाच आठ वर्षांपूर्वी याच सुमारास दिसत होता. अलीकडचंच उदाहरण: २०१७ साली २५ मार्चला शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला, २०२५ साली २३ मार्चला. मी दोन्ही वेळा गच्चीवरून बघितलाय, संध्याकाळी पश्चिमेला बुडताना आणि मग थोड्याच दिवसांत पहाटे पूर्वेला वर येताना. दुर्बिणीतून तेव्हा तो नखाएवढ्या बारीक कोरीसारखा दिसतो, द्वितीयेच्या चंद्रासारखा.

१९३९ आणि १९४७ मध्येही आठच वर्षं. दोन्ही वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला शुक्र सूर्याच्या पलीकडे गेला होता, त्यामुळे दोन्ही ऑगस्टमध्ये तो सूर्यप्रकाशात बुडालेला. असा पलीकडून जातो तेव्हा अस्त चांगला दोन महिने चालतो, अलीकडून जातो तेव्हा आठवडाभरात आटोपतो. ओंकार, वक्री तो फक्त अलीकडून जातानाच होतो, म्हणून या ओळीत वक्री शुक्र बसणारच नाही. आणि शुक्राच्या आठ वर्षांत चांद्रमास जवळपास ९९ बसतात, त्यामुळे तिथीसुद्धा जुळून येतात. दोन्ही सालं सारखी दिसतात ती याच कारणानं.

म्हणजे 'शु. अ.' वरून निकाल लागत नाही.

निळाई
वाचताना श्वास रोखून धरलाय. मग आता?

खगोलवेडा
मग पहिला शु. ज्याला आपण पहिल्याच उत्तरात 'शुक्रवारच' म्हणून सोडून दिलं होतं तो.

१९३९ च्या अधिक श्रावणातली वद्य चतुर्दशी १४ ऑगस्टला येते. तो सोमवार होता.
१९४७ च्या अधिक श्रावणातली वद्य चतुर्दशी शुक्रवारी येते. नक्षत्र पुष्य.

गोदाकाठ, ओळ आत्याची आहे. आणि तारीख १५ ऑगस्ट १९४७.

सोलापुरी_चादर
काय????

माधुरी_सदाशिव
मी हे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या.

सह्याद्रीपुत्र
खगोलवेडा, साष्टांग दंडवत. वाचनखूण साठवली.

विवेक_ठाणे
क्षमस्व, पण मला पटत नाही. माणूस १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मला आणि घरात कुणालाच माहीत नाही? त्या दिवशी जन्मलेल्या मुलांची नावं स्वतंत्र, भारती, विजया अशी ठेवली गेली. मास्तर शिकलेले होते. त्यांनी ओळीत एक शब्द तरी लिहिला असता. वाराचा शु. वाचण्यात चूक असेल, 'सो.' असेल.

गोदाकाठ
अक्षर 'शु.' च आहे, भिंगानं बघितलं, दोन्ही शु. एकाच वळणाचे आहेत. पण तुमची शंका रास्त आहे. मलाही तोच प्रश्न पडला.

बालाघाट
विवेक साहेब, गाव कुठलं आहे ते बघा की. जिंतूर. परभणी जिल्हा. आमचा मराठवाडा त्या दिवशी स्वतंत्र झालाच नव्हता! आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्याकडं स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला, पोलीस अॅक्शननंतर. तेरा महिने उशिरा. १५ ऑगस्टला तिरंगा लावणाऱ्यांना तिकडं धरून नेलं जायचं. सरकारी शाळेतला मास्तर वहीत काय लिहिणार? आमच्या आज्याला विचारलं की तुम्ही ४७ ला काय केलं, तर म्हणायचा पेरणी केली.

त्या काळच्या आमच्या सरकारी कागदांवर इसवी सनही नसायचा. फसली सन, म्हणजे महसुली साल चालायचं. महिने आजूर, दै, बहमन असे. आजूर म्हणजे ऑक्टोबरात सुरू. गोदाकाठ, पानावर कुठं 'फ.' असं काही दिसतंय का? मास्तर सरकारी नोकरीत होते म्हणजे हात सवयीनं तिकडं जाणारच.

विवेक_ठाणे
हे लक्षातच आलं नाही. आपण सगळे मुंबईच्या नजरेनं बघतो. मुद्दा मागे घेतो.

गोदाकाठ
बालाघाट, तुम्ही माणूस आहात की कोण!

पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात '५६ फ.' असं आहे. मी पहिल्या दिवशी बघितलं होतं, पण फाल्गुनातल्या हिशोबाचा आकडा समजून इथे लिहिलं नाही. पानावर बाकी श्रावणातलंच सगळं आहे, तेव्हा फाल्गुन तिथे काय करतोय हा प्रश्न मला पडायला हवा होता.

बालाघाट
५६ फ. म्हणजे १३५६ फसली. ऑक्टोबर १९४६ ते ऑक्टोबर १९४७. १९३९ चा ऑगस्ट असता तर ४८ असतं. झालं की मग काम.

मोडीवाचक
'फ.' चे दोन अर्थ, फाल्गुन आणि फसली, हे मी कुठल्याच यादीत टिपलेलं नव्हतं. आज टिपलं.

काकू_न्यूजर्सी
उशिरा आले, पण सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझे वडील पत्राची सुरुवात 'चि. सौ.' नं करायचे. इकडे आल्यावर मी भिंतीवर मराठी कॅलेंडर लावलं. माझी लेक तेव्हा आठ-नऊ वर्षांची. एका चौकोनात 'चि.' बघून तिनं विचारलं, आज कुणाचं पत्र येणार? मी सांगितलं ते चित्रा नक्षत्र गं. मग 'ति.' म्हणजे आजोबांच्या पत्रातलं तीर्थरूप की तिथी, ते तिनं पाठच केलं. आता ती चाळिशीत आहे आणि पत्रं येत नाहीत, पण फोनवर अजून विचारते, आई, आज चि. आहे का?

आजीची_गोधडी
काकू, डोळ्यांत पाणी आणलंत.

घटिकापात्र
गोदाकाठ, आता मुख्य कामाकडे. सहस्रचंद्रदर्शन चैत्रात धरलं होतं ते १९४५ धरून. ते पुढे न्यावं लागेल. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने. पुष्कळ घरी एक्याऐंशीवं लागलं की करतात, शास्त्रानं त्यात सवलत आहे. पण आत्याला अजून तेही लागलेलं नाही.

खगोलवेडा
मोजून बघितलं. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा १९४७ च्या ऑगस्टअखेरची, निज श्रावणातली, म्हणजे त्या वर्षीची राखीपौर्णिमा. तिथून हजारावी येते ७ जून २०२८ ला. ज्येष्ठ पौर्णिमा.

माधुरी_सदाशिव
म्हणजे वटपौर्णिमा! पहिली राखीपौर्णिमा, हजारावी वटपौर्णिमा.

कोकणकडा
आणि तिथीनं वाढदिवस कधी करायचा? अधिक महिन्यात जन्मलेल्यांचा पंचाईतीचा प्रश्न असतो.

घटिकापात्र
पंचाईत काही नाही. अधिकात जन्म असला तरी एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या महिन्यात, त्याच तिथीला. श्रावण वद्य चतुर्दशी. पिठोरीच्या आदला दिवस.

गोदाकाठ
काल संध्याकाळी वही घेऊन आत्याकडे गेलो होतो. बाबाही आले. सगळं सांगितलं, तुमची सगळ्यांची उत्तरं मोबाइलवर वाचून दाखवली.

१५ ऑगस्ट ऐकून तिला फारसं काही वाटलं नाही. पिठोरीच्या आदला दिवस म्हटल्यावर मात्र ती एकदम ताठ बसली. म्हणाली, आई पोळ्याच्या आदल्या दिवशी मला तेल लावून न्हाऊ घालायची आणि ओवाळायची. बैलांची खांदमळणी चालू असायची अंगणात, तूप-हळदीचा वास, आणि मला पाटावर बसवायची. मी म्हणायचे आज बैलांचा सण आहे, मला का? ती म्हणायची, असू दे. मला वाटायचं बैलांच्या आधी मला म्हणून.

आई गेली तेव्हा आत्या अकरा वर्षांची होती. त्यानंतर कुणी ओवाळलं नाही, आणि तो वाढदिवस होता हे तिला काल कळलं.

मग तिनं आधीच्या मुलीचं विचारलं. तिची ओळ आहे का कुठे? मी पूर्ण वही चाळली. शके १८६१ ची पानंच नाहीत, शिवण सुटून गेलेली आहेत. १८६४ पासून पुढची आहेत. तसं सांगितलं तर मान हलवली नुसती.

थोड्या वेळानं वही मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, आता नीट सांग, कुठलं अक्षर काय. मी एकेक सांगत गेलो, ती बोट ठेवत गेली. अधिक. श्रावण. वद्य. पहिल्या शु. वर बोट थांबलं.

"हा वार ना?"

हो म्हटलं.

"आणि हा चांदणीतला?"

खगोलवेडा
सांगा त्यांना, हो, चांदणीतलाच. आणि तो मावळला होता तरी थोड्याच आठवड्यांनी संध्याकाळी पश्चिमेला पुन्हा दिसू लागला असणार, त्या दोन-तीन महिन्यांच्या असताना.